मॅन बेटाची शर्यत आणि स्वारांचा नकार

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्यें, आयरिश समुद्रांत, मॅन नांवाचें एक बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनहि थोडें कमी. बेटावर सत्ता ब्रिटिश राजमुकुटाची. परंतु तें युनायटेड किंगडमचा भाग मात्र नाहीं. टिनवाल्ड नांवाची त्याची स्वतःची विधिसभा आहे आणि घरचे कायदे तें स्वतःच करतें. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत तळटीपेंत जावी एवढीच ही गोष्ट. पण मोटारसायकलींच्या शर्यतीच्या इतिहासांत तिला फार मोठें महत्त्व आलें. कारण ब्रिटनची राष्ट्रीय शर्यत, जिला फ्रेंच शब्दांनीं ग्रां प्री, म्हणजे मोठें पारितोषिक, असें म्हणतात, ती १९४९ पासून १९७६ पर्यंत ब्रिटनच्या भूमीवर भरतच नसे. ती या बेटावर, गांवांतून आणि डोंगरांतून जाणाऱ्या नित्याच्या रस्त्यांवर भरे. हा मान बेटाला कसा मिळाला आणि त्याच्याकडून तो कसा गेला, या हकिगतींत यंत्रांच्या प्रगतीहून मोठा असा एक प्रश्न गुंतलेला आहे. धाडस हें माणसानें स्वेच्छेनें करावयाचें, कीं दुसऱ्यानें तें त्याच्याकडून करवून घ्यावयाचें, हा तो प्रश्न होय.

या शर्यतीचा जन्म कायद्याच्या एका अडचणींतून झाला. १९०३ सालच्या मोटार कायद्यानें ब्रिटनमध्यें ताशी २० मैलांहून अधिक गतीनें वाहन हांकण्यास बंदी केली. जेथें एवढी सक्त मर्यादा, तेथें सार्वजनिक रस्त्यावर शर्यत कशी भरणार? युरोपांत मात्र रस्त्यांवर शर्यती होत होत्या, आणि त्यांत भाग घ्यावयाचा तर आधीं घरीं चांचणी घेऊन आपले गडी निवडणें भाग होतें. तेव्हां इंग्लंडमधील मोटार क्लबाचे चिटणीस ज्युलियन ऑर्ड यांनीं मॅन बेटाकडे धांव घेतली. तेथील लेफ्टनंट गव्हर्नर लॉर्ड रॅगलन यांची मर्जी या नव्या वाहनांवर होती. १९०४ सालीं टिनवाल्डनें कायदा करून शर्यतीसाठीं रस्ते बंद करण्याची परवानगी दिली. आणि प्रथम चार चाकांच्या मोटारी व पुढच्याच वर्षीं मोटारसायकली त्या रस्त्यांवर धांवल्या.

त्या काळीं आंतरराष्ट्रीय चषकाच्या शर्यतींत गाडीच्या वजनावर कडक मर्यादा असे. त्यामुळें कारखानदार नाजूक सांगाड्यावर भलें मोठें एंजिन बसवीत. असें वाहन शर्यतींत पळे, पण गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडत नसे. १९०६ सालीं ऑस्ट्रियांत झालेल्या शर्यतींत यजमानांनीं नियम धाब्यावर बसविल्याची ओरड झाली. तेथून परत येणाऱ्या इंग्रज मंडळींनीं आगगाडींतच विचार केला कीं, सामान्य मनुष्य ज्या दुचाकीवर बसून प्रवास करतो तशाच दुचाकींची आपली निराळी शर्यत कां असूं नये? शर्यतीचें नांवहि त्यावरूनच पडलें: टूरिस्ट ट्रॉफी, अर्थात् प्रवाशांचा चषक. पुढें जग तिला टी. टी. या दोन अक्षरांनींच ओळखूं लागलें.

पहिली टी. टी. २८ मे १९०७ रोजीं सेंट जॉन्स गांवाभोंवतालच्या रस्त्यांवर झाली. एक फेरी सुमारें १६ मैलांची, आणि अशा दहा फेऱ्या. पंचवीस स्वार उतरले. परीक्षा गतीइतकीच काटकसरीचीहि होती: एका सिलिंडरच्या गाडीनें गॅलनभर पेट्रोलमध्यें ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीनें ७५ मैल गेलें पाहिजे, असा नियम होता. गाड्यांना पेडलें लावण्याची मुभा होती. चढ आला कीं स्वार सायकलीप्रमाणें पाय मारूं लागे. एंजिनची शक्ति पट्ट्यानें मागच्या चाकाला पोंचे आणि तो पट्टा ऐन वेळीं दगा देई. चार्ली कॉलियर यानें मॅचलेस गाडीवर चार तास आठ मिनिटांत शर्यत जिंकली. त्याची सरासरी गति ताशी ३८ मैल पडली. दोन सिलिंडरच्या वर्गांत रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवर पहिला आला, तोहि पट्टा आणि टायर यांच्याशीं वाटेंत वारंवार झुंजून. नॉर्टन हें नांव पुढें इंग्रज कारागिरीचें भूषण ठरलें. आणि काळाचा महिमा असा कीं, २०२० सालीं तें भारतांतील टी. व्ही. एस. कंपनीनें विकत घेतलें.

१९११ सालीं शर्यत मोठ्या डोंगरी मार्गावर नेण्यांत आली आणि तिचें खरें रूप तेव्हां ठरलें. हा मार्ग आज ३७.७३ मैलांचा, म्हणजे साठ किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे. पुण्याहून लोणावळा जवळजवळ तेवढेंच दूर. राजधानी डग्लस येथून निघून तो ब्रे हिलच्या तीव्र उतारानें खालीं येतो. ग्लेन हेलनच्या झाडींतून व कर्क मायकेलच्या घरांमधून तो पुढें जातो. बॅलॉ येथील पुलावर गाडीचीं दोन्ही चाकें जमीन सोडतात. मग समुद्रकांठच्या रॅमसे गांवाहून तो स्नेफेल डोंगराच्या अंगानें ४०० मीटरांहून अधिक उंचीवर चढतो आणि पुन्हा डग्लसला उतरतो. वळणें दोनशेंहून अधिक. शर्यतीचे दिवस सोडले तर याच रस्त्यानें टपाल जातें, मुलें शाळेंत जातात, शेतकरी बाजाराला जातात. कडेला दगडी भिंती, दिव्यांचे खांब आणि घरांचीं दारें. स्वार चुकला तर त्याला थांबविणारें दुसरें फारसें कांहीं नाहीं.

डोंगराच्या चढणीनें यंत्रविद्येला चांगलाच धडा दिला. पेडल मारून हा चढ जिंकतां येईना. गिअर बदलण्याची सोय असलेली गाडीच येथें टिकणार होती. त्या वर्षीं वरिष्ठ गटांत अमेरिकेच्या इंडियन कंपनीनें पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. नांव इंडियन, जन्म मात्र मॅसॅच्युसेट्सचा. तिच्या गाड्यांना दोन गतींची गिअरपेटी होती आणि पट्ट्याऐवजीं साखळी. इंग्रज कारखानदारांच्या मनाला ही गोष्ट लागली आणि त्यांनीं तिच्यापासून बोध घेतला. शर्यतीचा खरा उपयोग तो हाच: जें डोंगरावर टिकेल, तें उद्यां सामान्य माणसाच्या दारांत येईल.

परंतु या ज्ञानाची किंमत त्याच वर्षीं मोजावी लागली. सरावाच्या वेळीं रज कंपनीचा तरुण स्वार व्हिक्टर सरिज हा ग्लेन हेलनजवळ पडून मरण पावला. या मार्गानें घेतलेला स्वारांपैकीं तो पहिला बळी होय. १९१४ पासून शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचें झालें. ब्रुकलंड्स येथील शर्यतींचे वैद्य डॉ. एरिक गार्डनर यांनीं डोक्याच्या जखमा पाहून पाहून त्यासाठीं आग्रह धरला होता. ज्या हेल्मेटच्या सक्तीवरून पुण्यासारख्या शहरांत वारंवार वाद माजले, त्या सक्तीचें मूळ शोधूं गेल्यास तें या बेटावर सांपडतें.

दोन महायुद्धांत शर्यतीला खंड पडला. दुसऱ्या युद्धानंतर १९४९ सालीं आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघानें जागतिक अजिंक्यपदाची योजना आंखली. देशोदेशींच्या ग्रां प्री शर्यतींत मिळालेल्या गुणांची बेरीज करून जगज्जेता ठरवावयाचा, अशी ती योजना. ब्रिटनच्या वतीनें टी. टी. नेमली गेली, एवढेंच नव्हे, तर या नव्या अजिंक्यपदाची अगदीं पहिली शर्यत १३ जून १९४९ रोजीं मॅन बेटावरच झाली. ३५० सी. सी. च्या त्या शर्यतींत फ्रेडी फ्रिथ वेलोसेट गाडीवर विजयी झाला.

त्यानंतरचीं वीस वर्षें हा बेटाच्या वैभवाचा काळ. १९५७ सालीं, शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवांत, स्कॉटलंडच्या बॉब मॅकिन्टायर यानें इटालियन गिलेरा गाडीवर ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीनें फेरी पुरी केली. ही गोष्ट या मार्गावर पूर्वी कोणाला साधली नव्हती. १९५९ सालीं जपानची होंडा कंपनी प्रथमच येथें आली, तेव्हां तिच्याकडे कौतुकापेक्षां कुतूहलानेंच अधिक पाहिलें गेलें. दोनच वर्षांनीं, १९६१ सालीं, माइक हेलवूड यानें होंडाच्या गाड्यांवर दोन आणि नॉर्टनवर एक अशा तीन शर्यती एकाच आठवड्यांत जिंकल्या. ज्याला जगांत नांव मिळवावयाचें त्यानें या बेटावर यावें, असा जणुं दंडकच पडला होता.

आणि नेमका याच दंडकांत पुढच्या कलहाचा उगम होता. जोंवर टी. टी. ही केवळ टी. टी. होती, तोंवर तिच्यांत उतरणें न उतरणें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतें. परंतु ती ब्रिटनची ग्रां प्री झाल्यावर तेथील गुणांवर जगज्जेतेपद अवलंबून राहिलें. स्वार घरीं बसला तर प्रतिस्पर्धी फुकट गुण घेऊन जाई. कारखान्याशीं करार झालेला असे. कारखान्याला आपली गाडी या जगप्रसिद्ध रस्त्यावर जिंकलेली पाहिजे असे. मुखानें कोणी सक्ती करीत नव्हतें, पण परिस्थिति सक्ती करीत होती.

तशांत हा मार्ग शिकण्यासच कित्येक वर्षें लागत. चार किंवा पांच किलोमीटरांच्या धांवपट्टीवर स्वार एका दुपारीं प्रत्येक वळण पाठ करूं शकतो. साठ किलोमीटरांचा रस्ता असा पाठ होत नाहीं. डग्लसला ऊन असतांना डोंगरावर धुकें असूं शकतें. स्वार एकदम न सुटतां ठराविक अंतरानें सुटतात, म्हणून त्याची झुंज समोरच्या माणसाशीं नसून घड्याळाशीं असते. पुढें कोण आहे हें कळण्यास प्रेक्षकांनासुद्धां नभोवाणीवरील वर्णनाचा आधार घ्यावा लागतो. ज्याला हा रस्ता ठाऊक नाहीं अशा परदेशी स्वारालाहि केवळ गुणांसाठीं येथें यावें लागे. अनुभवी माणसेंहि सुटलीं नाहींत. पांचशें सी. सी. चा पहिला जगज्जेता लेस ग्रॅहम हा १९५३ सालीं ब्रे हिलच्या पायथ्याशीं मरण पावला. १९७० सालीं स्पेनचा सान्तियागो हेरेरो याला येथेंच मृत्यु आला, आणि ज्या ओसा कंपनीसाठीं तो धांवत होता तिनें ग्रां प्री शर्यतींतून अंग काढून घेतलें.

शेवटीं १९७२ च्या जूनमध्यें ठिणगी पडली. इटलीचा गिल्बेर्तो पार्लोत्ती हा त्या वर्षीं १२५ सी. सी. च्या जागतिक गुणांत आघाडीवर होता. ती आघाडी राखण्यासाठींच तो बेटावर आला. ९ जून रोजीं पावसांत व धुक्यांत डोंगरावरील व्हरांडा नांवाच्या वळणावर तो घसरला आणि गतप्राण झाला. त्याचा देशबांधव व स्नेही जाकोमो आगोस्तिनी हा त्या वेळीं मोटारसायकलींच्या जगाचा सम्राट् होता. त्याच दिवशीं त्यानें वरिष्ठ गटाची शर्यत जिंकली. बेटावरील त्याचा तो दहावा विजय. त्यानंतर त्यानें जाहीर केलें कीं, आपण येथें पुन्हा कधींहि शर्यत करणार नाहीं. इंग्लंडचा फिल रीड यानेंहि पाठ फिरविली. तरुण बॅरी शीन तर एकदांच येऊन या रस्त्याचा कायमचा विरोधक झाला होता.

हा नकार भित्र्या माणसांचा नव्हता, हें लक्षांत घेतलें पाहिजे. आगोस्तिनीनें दहा वेळां जिंकून तो उच्चारला होता. त्याचें म्हणणें शर्यत बंद करा असें नव्हतें. जगज्जेतेपदासाठीं ती अनिवार्य असूं नये, एवढेंच तें होतें. ज्याला यावयाचें त्यानें यावें, पण न येणाऱ्याला त्याबद्दल दंड कां?

बेटाच्या लोकांची बाजूहि पोकळ नव्हती. जूनमधील तो पंधरवडा त्यांच्या खानावळी, बोटी आणि दुकानें यांना वर्षाचा मोठा आधार होता. त्याहूनहि मोठा होता अभिमान. जगज्जेतेपद जन्माला येण्यापूर्वीं चाळीस वर्षें ही शर्यत होती. मोटारसायकल जी झाली ती या रस्त्यांवर झाली. मग पोरानें बापाला घराबाहेर काढावें हें कसें? शिवाय धोका कोणापासून लपविलेला नव्हता. हें सारें खरें होतें. परंतु खरेपणानेंहि स्वारांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हतें.

पुढचीं चार वर्षें मोठमोठे स्वार आलेच नाहींत. १९७३ सालीं वरिष्ठ गटांत ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंडले विजयी झाला. पण त्या वर्गाच्या जगज्जेतेपदासाठीं झगडणारे आघाडीचे वीर तेथें नव्हतेच. ज्या लढाईला सेनापतीच हजर नाहींत, तिचा निकाल कोण मानणार? अखेर १९७६ च्या शर्यतीनंतर आंतरराष्ट्रीय संघानें टी. टी. चा जागतिक दर्जा काढून घेतला.

१९७७ सालीं ब्रिटनची ग्रां प्री प्रथमच ब्रिटनच्या मुख्य भूमीवर, सिल्व्हरस्टोन येथें झाली. हा पूर्वीं महायुद्धांतला विमानतळ. सपाट, रुंद आणि मोकळा. घसरलेल्या स्वाराला सांवरण्यास जागा असलेला. पांचशें सी. सी. ची ती पहिली शर्यत पॅट हेनन या अमेरिकन तरुणानें जिंकली. दोन वर्षांनीं, १९७९ मध्यें, तेथेंच केनी रॉबर्ट्स आणि बॅरी शीन यांच्यांत अशी चुरस झाली कीं शेवटीं रॉबर्ट्स एका सेकंदाच्या तीन शतांशांनीं जिंकला. डोंगर नसला तरी शर्यत फिकी पडत नाहीं, हें तेव्हां सर्वांना पटलें. १९८७ पासून २००९ पर्यंत ती डॉनिंग्टन पार्क येथें गेली आणि २०१० मध्यें पुन्हा सिल्व्हरस्टोनला परतली. २०२३ सालीं भारतांत ग्रेटर नोएडा येथें मोटोजीपीची पहिली शर्यत झाली, तीहि अशाच खास बांधलेल्या बंदिस्त मार्गावर. 

मात्र इतिहास सरळ रेषेंत चालत नाहीं. सिल्व्हरस्टोनचा पहिला विजेता हेनन हा १९७८ सालीं आपण होऊन मॅन बेटावर गेला. वीस मिनिटांच्या आंत फेरी पुरी करणारा तो पहिला स्वार ठरला, आणि त्याच शर्यतींत त्याला असा अपघात झाला कीं त्याची कारकीर्द तेथेंच संपली. त्याच वर्षीं अकरा वर्षांच्या अंतरानें माइक हेलवूड बेटावर परतला. वय ३८, गाडी डुकाटी. आणि तो जिंकला. त्या दिवसाच्या आठवणी बेटावरचीं माणसें अजून सांगतात. ज्या रस्त्यानें त्याला कधीं मारलें नाहीं तो सोडून १९८१ सालीं इंग्लंडमधील एका साध्या रस्त्यावर, समोर वळलेल्या मालमोटारीवर आदळून, हेलवूड आपल्या लहान मुलीसह गेला.

दर्जा गेल्यावर टी. टी. मरेल, असें पुष्कळांना वाटलें होतें. ती मेली नाहीं. उत्तर आयर्लंडच्या जोई डनलॉप यानें १९७७ पासून २००० पर्यंत येथें २६ विजय मिळविले. २०२३ सालीं पीटर हिकमन यानें ताशी १३६ मैलांहून अधिक सरासरीनें फेरी पुरी केली. कॉलियरच्या ३८ मैलांशीं ताडून पाहिलें म्हणजे मधल्या काळाची लांबी कळते. पण या डोंगरी मार्गावर आजवर झालेल्या सर्व शर्यतींत मिळून अडीचशेंहून अधिक स्वारांनीं प्राण गमाविले आहेत. एकट्या २०२२ सालच्या टी. टी. मधील अपघातांनीं सहा जणांचा बळी घेतला.

मग १९७२ च्या नकारानें साधलें काय? मृत्यु थांबला नाहीं, हें उघड आहे. थांबली ती सक्ती. १९७७ पासून या रस्त्यावर जो उतरतो त्याला ग्रां प्रीचें जगज्जेतेपद अडवून धरीत नाहीं. तो परत फिरला तर त्याचा ग्रां प्रीचा एकहि गुण बुडत नाहीं. अर्थात् स्वेच्छा हीहि सर्वस्वीं मोकळी नसते. जोई डनलॉप २००० सालीं एस्टोनियांतील शर्यतींत गेला. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ सालीं आणि पुतण्या विल्यम २०१८ सालीं आयर्लंडच्या रस्त्यांवरील शर्यतींत गेले. तरीहि रॉबर्टचा दुसरा मुलगा मायकेल बेटावर येतच राहिला, आणि २०२४ सालीं त्यानें चुलत्याचा २६ विजयांचा उच्चांक मागें टाकला. घराण्याचें नांव, कीर्तीची ओढ, रक्तांतली संवय, यांचेंहि एक ओझें असतेंच. परंतु तें ज्याचें त्यानें उचललेलें असतें. नियमांच्या पुस्तकानें तें दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेलें नसतें. शूराला मान द्यावयाचा तर त्याला नकार देण्याचा हक्कहि दिला पाहिजे. मॅन बेटाकडून ब्रिटनची ग्रां प्री गेली ती या हक्कासाठीं, आणि बेटाची शर्यत आज ज्या आदरानें पाहिली जाते तो आदरहि तिला या हक्कामुळेंच उरला आहे.